तुरीचे दाणे

केळझरच्या अलीकडे आमचं गाव. चैत्रात मारुतीच्या महाप्रसादाला घरोघरी चूलबंद आवतन जातं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी देवळात जेवायचं. हे आवतन बत्तीस वर्षं मंदाबाई देते. माळीपुरा, तेलीपुरा, गोंडांची आठ घरं, बौद्ध वस्ती, एकही दार ती सोडत नाही. पण तिच्या दारात आवतन कोण देतं, हे आम्ही कुणी कधी विचारलं नव्हतं.

यंदा विहिरीपाशी तिचा पाय मुरगळला. मला बोलावून म्हणाली, "जया, तू जाजो बाई. उंबऱ्यावर अक्षदा टाकजो, घरात किती जन ते पूसजो, अन् एका जनामागं तुरीचा एक दाना पदरात. त्या दान्यांवर भैय्याजी देवळाच्या कोठीतून तांदूळ काढते."

"ते जेवढे सांगतील तेवढे दाणे ना?"

"नाई. सांगतील तेवढे तोंडानं म्हनजो. राह्यतील तेवढेच दाने टाकजो."

मला तेव्हा नीट कळलं नाही. प्रभाकररावांच्या घरी कळलं. ते अन् अन्नपूर्णाबाई, दोघंच ओसरीवर सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होती. मी विचारलं, घरात किती?

"सात."

"सात?" माझ्या तोंडून निघालंच.

"धनंजय, रजत, सुना, नातू. पुन्याहून येतीन ना, सुट्टी भेटली तं!"

अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "सुट्टी दिवाळीले नाई भेटली, मारुतीले भेटते काय! जया, याइचं आयकू नको."

"सात," मी मोठ्यानं म्हटलं अन् पदरात दोन दाणे टाकले. म्हातारा खुश झाला. घराघरात असंच. गावाची माणसं तोंडानं नऊशे भरली असती, पदरात निम्मीही नव्हती. कितीक दारांना नुसतं कुलूप. तिथेही अक्षदा टाकायच्या, मंदाबाईनं बजावलं होतं.

दिवेलागणीला परत आले. ती दारातच बसून होती, पाय पाटावर.

"झाली सगळी घरं?"

"झाली, काकू. एकही राहिलं नाही."

ती ताटलीत उरलेल्या अक्षदा बोटानं सारख्या करत बसली. मग म्हणाली, "बरं झालं. मी तं घरचीच हाव. भैय्याजी तसंच म्हनते."

बत्तीस वर्षं ती बिनआवतनाची चूल बंद ठेवत होती.

मी ताटली उचलली, अंगणात उतरले अन् पुन्हा दारापर्यंत आले. पदर डोक्यावर घेतला. उंबऱ्यावर अक्षदा टाकल्या.

"मंदाबाई, उद्या मारुतीच्या देवळात महाप्रसाद. चूलबंद आवतन आहे. घरात किती जण?"

ती हसायला गेली, पण हसू आलं नाही. भिंतीवर नवऱ्याचा हार घातलेला फोटो होता. खुंटीला अंकुशचा जुना शर्ट, धुऊन टांगलेला. पोरगा सुरतेला गेला त्याला सहा वर्षं झाली.

"तीन," ती म्हणाली.

"तीन," मी मोठ्यानं म्हटलं.

पदरात एकच दाणा टाकला. गाठ मारताना ती माझ्या हाताकडेच पाहत होती.

"बराबर हाये," ती म्हणाली.