विजयादशमीला न नेलेली पुस्तकं

तमिळनाडूत, आमच्या कुंभकोणमात सरस्वतीपूजेला वह्या-पुस्तकं देवीपुढे ठेवतात. त्या दिवशी वाचायचं नाही. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, आपापलं पुस्तक उचलून चार ओळी तरी वाचायच्या. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. अवघड विषयाचं एकच पुस्तक मी पूजेत ठेवायची.

दुसऱ्या वर्षी जवळच्या पापनाशम गावची माझी मैत्रीण पूजेला आमच्याकडे आली, ती भरलेली थैली घेऊनच. तिचे तीन विषय राहिले होते. थैलीत पुस्तकं, वह्या, कॅलक्युलेटर, सगळंच.

"देवीला ओझं होईल गं," मी म्हटलं.

"मला तरी हलकं वाटेल," ती हसली. तिची भक्ती पाहून आई खूश झाली.

विजयादशमीला ती आलीच नाही. फोनवर म्हणाली, "राहू देत. तुझ्या बहिणीला होतील."

मी आनंदाने आईला सांगितलं. सुंडल, म्हणजे प्रसादाची हरभऱ्याची उसळ, वाढता वाढता आईचा हात थांबला. शाळेची पायरीही न चढलेली माझी आई आमच्या घरच्या जुन्या तंजावरी मराठीत म्हणाली, "परीक्षा आहे की अजून. मग सगळं देऊन टाकते कसाला?"

मी हातातलं ताट खाली ठेवलं. मी मिळेल त्या गाडीने पापनाशमला गेले. विचारलं तर नसलेला विचार तिच्या मनात येईल, अशी वाटभर भीती वाटत होती. तरी विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का तुला?"

तिने उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "बाबांना सांगू नकोस."

"सांगणार. पण तुझ्या शेजारी बसून."

तिचे बाबा शेतावरून येईपर्यंत मी तिथून हलले नाही. ऐकून ते रागावले नाहीत. तिचा हात धरून बसले. त्याच दिवशी आम्ही तिघं सरकारी दवाखान्यात गेलो. पुढे औषधं, समुपदेशन, आमच्या कॉलेजातल्या बाईंचं दर आठवड्याला तिच्या घरी जाणं. सगळं सावकाश बदललं. मधे वाईट दिवसही आले, पण ते ती सांगू लागली.

थैली आमच्या देवघरातच होती. आई कुणाला हात लावू देत नव्हती. "तिची ती नेईल."

जानेवारीत, पोंगल सणाच्या आधी ती आली. थैली उचलणार, तोच आई म्हणाली, "आधी चार ओळी वाच."

तिने संख्याशास्त्राचं पुस्तक काढलं. दोन ओळी वाचून अडखळली आणि मला अर्थ विचारला. मलाही येत नव्हतं. मग आम्ही दोघी तिथेच जमिनीवर बसलो आणि पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं.