हाजा बतूलचे तळे

उम्म सुनुत गावच्या तळ्यावर हाजा बतूलचे राज्य होते, आणि ते शेखाच्या राज्याहून कडक होते. पायाला साधे खरचटले असले तरी ती माणसाला काठावर फिरकू देत नसे. भांडे खाली ठेव, मी भरून देते, एवढेच म्हणायची. कोणी हुज्जत घातलीच तर मग तिची काठी बोलायची. गावचा जावई असो की उंटवाला व्यापारी, तिच्या लेखी सगळे सारखे.

हे वेड तिला उगाच लागले नव्हते. ती तरुण असताना एका पेरणीच्या तोंडावर अर्ध्या गावाला नारू झाला. तिच्या घरची सगळी माणसे अंथरुणाला खिळली, बाजरी पेरायला कोणी उठेना. त्या वर्षीच्या उपासमारीत तिची धाकटी लेक गेली. पुढे सरकारी हकीम येऊन सांगू लागले, की नारूचा पाय पाण्यात बुडाला की जंताची पिल्ले पाण्यात सुटतात, आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याला वर्षाने नारू होतो. लोक हसले. बतूल हसली नाही. ती काठी घेऊन तळ्यावर जाऊन बसली, ती कायमचीच.

नारू हटवण्याच्या सरकारी कामावर देखरेख करायला मुझम्मिल यायचा. खार्तूममध्ये शिकलेला. बरोबरीचे सगळे आखातात गेले, आणि हा गाढवावरून गावोगाव लोकांचे पाय तपासत हिंडत होता. पोराचे डोके फिरले आहे असे घरचे म्हणत, आणि उन्हात गाढव अडून बसले की त्यालाही ते पटे. पण उम्म सुनुतला आले की त्याला बरे वाटे. तिथे बऱ्याच दिवसांत नारू निघाला नव्हता.

त्या उन्हाळ्यात हाजाने आपणहून पाय पुढे केला. घोट्यावर फोड फुटलेला, आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखे टोक बाहेर आलेले.

मुझम्मिल तिच्या पायाशी वाकला. "हाजा, तुम्हाला? तुम्ही तर न गाळता थेंब पीत नाही."

"गेल्या साली बहिणीच्या गावी गेले होते, दुखवट्याला," ती म्हणाली. "तिचा तरणाताठा मुलगा गेला होता. तिनं पाणी पुढं केलं. रडत्या बाईचं पाणी तिच्यासमोर फडक्यातून गाळू? माझ्या घरचं हिला घाण वाटतं, असंच मनात आलं असतं तिच्या. प्याले. आता भोगते."

नारूला घाई चालत नाही. रोज काडीला बोटभर गुंडाळायचा. ओढला आणि तुटला तर पाय सडतो. तोवर आत निखारा ठेवल्यासारखी आग होते आणि जीव पाण्याकडे धावतो. बैल अडवणारे गडी मध्येच उठून डबक्यात पाय बुडवताना मुझम्मिलने पाहिले होते. त्याने हाजाला घरी थांबायला सांगितले.

"मग इथं कोण बसेल? तुझं गाढव?" ती म्हणाली. "आणि घरी बसलं म्हणून पाणी विसरतं होय रे लेका?"

म्हणून ती जळता पाय घेऊन त्याच पाण्यासमोर बसून राहिली. मुझम्मिल रोज काडीला वेढा देई, वर पट्टी बांधी आणि तिच्या तोंडाकडे बघत राही. हे बळ कुठून येते, त्याला कळेना. त्याने एवढे मोठे माणूस पाहिले नव्हते.

एका दुपारी तो पलीकडच्या काठावर गावच्या शेख दफअल्लाशी बोलत होता. गुराखी जनावरांना डोणीवर पाणी पाजत होते. इतक्यात नुसैबा नावाची हाजाच्या शेजारची पोर पखाल भरता भरता उभ्या काठावरून घसरली आणि खोल पाण्यात पडली. जवळ फक्त हाजा होती. ती उठली आणि लंगडत कडेला गेली. मुझम्मिलला एवढ्या लांबून पोचणे शक्य नव्हते. उडी घाल म्हणावे तर पुढच्या वर्षी सारे गाव नारूने लोळणार. घालू नको म्हणावे तर डोळ्यांदेखत पोर जाते.

हाजाने अंगभर गुंडाळलेला लांबलचक तोब एका हिसक्यात सोडला, एक टोक मुठीत धरले आणि बाकीचा पाण्यावर फेकला. पोरीने तो पकडला. हाजा खाली बसली, बरा पाय मातीत रोवला आणि ओढत राहिली. पोर काठाला लागली, खोकली, आणि मोठ्याने रडू लागली.

मग हाजाला भान आले. तिचे पांढरे केस उघडे होते, आणि समोर पुरुष उभे होते. नवऱ्याखेरीज ते कोणी पाहिले नव्हते. तिने दोन्ही हात डोक्यावर धरले आणि अंग चोरून बसली. गुराख्यांनी पाठी फिरवल्या.

शेख दफअल्ला तळ्याला वळसा घालून आला. चालता चालताच तो आपला फेटा सोडत होता. नजर जमिनीवर ठेवून त्याने तो तिच्या डोक्याखांद्यांवर पांघरला आणि स्वतः चारचौघांत उघड्या डोक्याने तिच्याशेजारी धुळीत बसला.

मुझम्मिल धावत आला. त्याने तिचा दुखरा पाय मांडीवर घेतला आणि पट्टी चाचपली. पट्टी कोरडी होती. तो पाय तसाच धरून तो सगळ्यांदेखत रडला.