गलबत माघारी आलं का?

कुंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी श्रीरामपूरच्या एसटी स्टँडवर नगरच्या गाडीत बसले होते. निघाले होते तिच्याकडेच, पारनेरला. दुपारी पोवाड्याची तालीम होती. फोनवर तिचे यजमान, दत्ताभाऊ. "शैलाताई, गाडीत बसला का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "कुंदा गेली हो. सकाळी चहा ठेवला अन् खालीच बसली." गाडी सुटली, तशीच बसून राहिले. आता दोन महिने होत आले, तरी एका जागी बसवत नाही. घरातल्या घरात फेऱ्या मारते. ही खोड खरं तर तिची होती.

कुंदाताई कोकणातली, खाडीकाठच्या मच्छीमार घरातली. लग्न होऊन पारनेरला आली. तिथे आम्ही एकाच शाळेत शिक्षिका होतो; श्रीरामपूरला मी पुढे आले. पाचवीला मराठ्यांच्या आरमाराचा धडा होता, आणि वर्गातल्या एकाही मुलाने समुद्र पाहिलेला नव्हता. तिने पुस्तक मिटलं, सगळ्यांना मैदानात नेलं, फक्कीने जमिनीवर एक भलंमोठं गलबत आखलं आणि पोरांना दोन्ही बाजूंनी वल्ही मारायला बसवलं. स्वतः मधोमध तांडेल, गलबताचा म्होरक्या, होऊन उभी! वारा कुठून येतोय, शीड कधी सोडायचं, खडक कसा चुकवायचा, सगळं ओरडून सांगत होती, आणि सांगता सांगता गायला लागली. मी व्हरांड्यातून बघत होते. मला पाहून म्हणाली, "उभी काय राहिलीस? झील धर!" तेव्हापासून तिच्या मागे उभी राहून मी 'जी जी' करत आले.

त्यातून तिचा गलबताचा पोवाडा झाला. आधी गोष्ट सांगायची, मग गायची, मध्येच थांबून समोरच्यांना विचारायची, "आता तुम्ही असता तर काय केलं असतं?" चवदार भाषा, आणि आवाज असा की धुळीच्या पटांगणात बसलेल्या माणसाला खारं वारं लागावं.

डोलकाठीला शीड बांधिलं, वारं भरलं पोटात जी,
गाव सुटलं, किनारा सुटला, मीठ राहिलं ओठांत जी...

यात्रा, शाळा, गणपती, सगळीकडे बोलावणी येत. गलबत शत्रूच्या मोठ्या जहाजावर चालून जाई, ते जहाज हटे, पण गलबत परत येत नसे. शेवटी विजयाचा जयजयकार, टाळ्या, संपलं.

मग एका हिवाळ्यात श्रीरामपूरकडच्या एका साखर कारखान्याजवळ, ऊसतोड कामगारांच्या तळावर कार्यक्रम झाला. संध्याकाळची वेळ. पाचटाने शाकारलेल्या कोप्यांपुढे चुली पेटलेल्या, बाया भाकरी थापत ऐकत होत्या. जयजयकार झाला आणि आम्ही सामान आवरायला लागलो, तेवढ्यात पाथर्डीकडची एक म्हातारी उठून जवळ आली.

"बाई, मंग ते गलबत माघारी आलं का न्हाई?"

"नाही आलं, मावशी."

"मंग त्या तांडेलाच्या बायकूनं काय केलं?"

कुंदाताईने पिशवीत घातलेला डफ पुन्हा बाहेर काढला. म्हातारी "बरं," म्हणून चुलीकडे गेली.

त्यानंतर तिचं चित्त कशातच लागेना. मुलं गृहपाठ दाखवत, ही खिडकीबाहेर बघे. मला तेव्हा समजेना, एका प्रश्नाचं एवढं काय! एक दिवस मधल्या सुट्टीत तिनेच सांगितलं. तिचा थोरला भाऊ बोटीवर खलाशी होता. वादळात बोट गेली, माणसं सापडली नाहीत. ती बातमी आल्यापासून कुंदाताई माहेरी गेलेली नव्हती. "गावोगाव समुद्र गात फिरते मी, शैला, आणि माझ्या वहिनीने काय केलं ते मला माहीत नाही."

सुट्टी लागताच आम्ही दोघी तिच्या माहेरी निघालो. मंदावहिनी अंगणात वाळत घातलेली मासळी उलथत होत्या. त्यांनी वर पाहिलं, ओळखलं आणि पुन्हा खाली मान घातली. "गाणी म्हणतेस म्हणे तिकडे," त्या म्हणाल्या. "ऐकलंय आम्ही. तिकडच्या लोकांना समुद्र दाखवतेस. इथे यायला तुला वाट सापडली नाही ती." कुंदाताई तिथेच जमिनीवर बसली. रडली नाही. मासळी उलथायला लागली, चुकीची उलथत होती, वहिनी तिचा हात बाजूला करत होत्या... बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "त्या दिवशी तू काय केलंस, वहिनी?"

"काय करणार होते? दुसऱ्या दिवशी शेजारच्यांची बोट लागली. मासळी विकायची पाटी घेतली नि गेले बंदरावर. पोरं उपाशी होती माझी."

परतल्यावर कुंदाताईने पोवाड्याचा शेवट मोडला.

दुसऱ्या दिशी तांबडं फुटता, पाटी घेतली कडेवरी जी,
रडू नंतरचं, मासळी आधी, चूल थांबेना घडीभरी जी...

लोकांना हे रुचलं नाही. एका संयोजकाने तोंडावर सांगितलं, "बाई, इतिहासात ही पाटी कुठून आणली? विजयावर संपवा, लोक जोशात घरी गेले पाहिजेत." ती म्हणाली, "जिंकलेल्या लढाईतसुद्धा कुणीतरी घरी येत नाही, साहेब. त्या घराचा इतिहास कुणी गायचा?" बोलावणी कमी झाली. आमचा ढोलकीवालाही दुसऱ्या पार्टीत गेला. मी तिला म्हटलं, दोन्ही शेवट ठेव, माणसं बघून गा. त्यावर ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही.

पुढच्या हंगामात ती तळ धुंडाळत फिरली. त्या म्हातारीला उत्तर द्यायचं होतं. कोपीकोपीत विचारायची, कुणी म्हणे कर्नाटकात गेली टोळी, कुणी म्हणे अशी कुणी न्हाईच. म्हातारी भेटली नाही. पण प्रत्येक तळावर नवा शेवट ऐकताना बाया भाकरी थापायच्या थांबत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

परवा पारनेरला गेले. मंदावहिनी कोकणातून आल्या होत्या, पहिल्यांदाच घाट चढून. दत्ताभाऊंनी ओट्यावर उन्हात कुंदाताईचा डफ ठेवला होता.

"कार्यक्रम आहे का कुठे?" मी चमकून विचारलं.

"न्हाई हो. पण रोज ऊन दाखवायची ती. न्हाई ठेवला तर कातडं सैल पडतं... मला सकाळी दुसरं काय सुचत न्हाई."

मी डफ उचलला. तापला होता. बोट लावलं तर खणखणीत वाजला. ओट्यावर येरझारा घालत राहिले, ठेवावा की वाजवावा... मंदावहिनी दारात बसल्या होत्या. "मला तिने कधी ऐकवलं नाही," त्या म्हणाल्या. "मीही कधी म्हण म्हटलं नाही."

पुढे उभी राहून मी आयुष्यात कधी गायले नव्हते. आवाज फाटला, पहिली ओळ वर गेली ती तिथेच अडकली. मी थांबले. तेव्हा मागून, दारातून, कोरड्या, अनोळखी आवाजात झील आली.

मी दुसरी ओळ घेतली.