घाटजाईपुढं थांबलेला ट्रक

आंबवड्याच्या कुंडलिकचा ट्रक एकच. मालकही तोच, ड्रायव्हरही तोच आणि टायर बसला तर जॅक लावणाराही तोच. भोरहून सिमेंट भरायचं, घाट उतरून महाडला टाकायचं, येताना कोकणातून जांभ्याचे चिरे भरून आणायचे, असा त्याचा वर्षानुवर्षांचा धंदा. पावसाळ्यात घाट बंद झाला की पुण्याकडची भाडी मारायची आणि दिवाळीची वाट बघायची. पन्नाशी ओलांडली, डाव्या गुडघ्यात क्लच दाबून दाबून दुखणं शिरलं, तरी स्टेअरिंग सुटलं नव्हतं.

रस्त्यावर पोट असलेल्या माणसाला दंड नवा नसतो. पट्टा लावला नाही, वजन जास्त भरलं, मागचा दिवा लागत नाही, असं काहीतरी चालूच असायचं. पूर्वी हवालदार शिटी मारून थांबवायचा, आता मोबाईलवर मेसेज यायचा. मेसेज आला की कुंडलिक तो लेकीला दाखवायचा. शिवानी भोरच्या कॉलेजात शिकत होती.

"आप्पा, पट्टा नव्हता लावला तुम्ही."

"नव्हता बाई. भर."

एवढ्यावर विषय संपायचा. चूक आपली असली तर दंड द्यायचा, त्यात कुरकुर काय करायची, असं त्याचं म्हणणं. पण गेल्या जानेवारीत एक मेसेज आला आणि शिवानीनं फोटो उघडून दाखवला, तसा कुंडलिक खाटेवरून उठूनच बसला.

"ह्यो न्हाई भरायचा," तो म्हणाला.

फोटोत घाटजाईचं ठाणं होतं. हिर्डोशीच्या पुढं, धरणाचं पाणी मागं पडून चढ लागतो तिथं, एका वळणावर डोंगराच्या अंगाला शेंदूर फासलेली देवी आहे. वर पत्र्याचं छप्पर, पुढं एक घंटा. तिच्यासमोर कुंडलिकचा ट्रक उभा, आणि चपला काढून, हातात नारळ घेऊन कुंडलिक पाठमोरा. कधीतरी मागच्या पावसाळ्यानंतर त्या वळणावर वाहन थांबवायला बंदी केल्याची पाटी लागली होती. कुंडलिकनं ती बघितली होती. पण ती दुसऱ्यांसाठी असंल असं त्यानं मनाशी धरलं होतं.

त्याला कारण होतं. ट्रक नवा घेतला त्या सालची गोष्ट. चिरे भरून परत येताना, उतारावर, ब्रेकचा पाय फरशीला टेकला आणि गाडी थांबेना. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. घाटजाईच्या वळणावर गाडी आपसूक डोंगराकडं ओढल्यासारखी झाली, चाक गटारात गेलं आणि देवीच्या हातभर अलीकडं ट्रक उभा राहिला. कुंडलिक खाली उतरला. तिथंच त्यानं शब्द दिला: तुझ्यापाशी थांबल्याशिवाय ह्या रस्त्यानं जाणार न्हाई. तेव्हापासून एक खेप चुकली नव्हती. नारळ नसला तर उदबत्ती, उदबत्ती नसली तर नुसते हात. मागणंही एकच असायचं, "आई, गाडी दरीकडं जाऊ देऊ नको."

आता ह्याला गुन्हा म्हणायचं आणि वर दंड भरायचा, म्हणजे दिलेला शब्दच खोटा केल्यासारखं. कुंडलिकनं ते मनावर घेतलं.

दंड थकला. मेसेजवर मेसेज आले, नंतर भोरच्या कोर्टाचं समन्स आलं. त्यातच पुढच्या महिन्यात आरटीओकडं गाडीचं पासिंग होतं, आणि थकलेला दंड निघाल्याशिवाय ते होणं अवघड असं एजंट सांगत होता. पासिंग नाही तर गाडी दारात. गाडी दारात म्हणजे चूल कशावर पेटवायची?

सुलक्षणानं, त्याच्या बायकोनं, भाकरी थापता थापता विचारलं, "देवी काय दंड भरायला येनार न्हाई, आन तुमी भरनार न्हाई. मग भरायचा कुनी, म्या?"

"पैशाचं न्हाई गं. कबूल म्हनावं लागतं."

"मग म्हना की. घरात एवढं कबूल करत न्हाई, निदान कोर्टात तरी करा."

वकील होता भोरमधला मंदार. तरुण पोरगा, वडीलही वकीलच. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, कबूल म्हटलात तर अर्ध्या तासात मोकळे. नाही म्हटलात तर केस चालणार, तारखा पडणार. प्रत्येक तारखेला तुमची एक खेप बुडणार. तुम्हीच ठरवा."

"ठरवलंय," कुंडलिक म्हणाला. काय ठरवलंय ते मात्र त्यानं सांगितलं नाही, आणि खरं तर त्यालाही पुरतं ठाऊक नव्हतं.

तारखेच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात सगळी रस्त्यावरचीच माणसं होती. टेम्पोवाले, जीपवाले, एक डंपरवाला. ओळखीपाळखी निघत होत्या, तंबाखू मळली जात होती. कुंडलिक डोळे मिटून पुटपुटत बसला होता. शेजारचा टेम्पोवाला म्हणाला, "काका, हितं देवाचं नाव घिऊन काय व्हत न्हाई. हितं बाईसाहेबांचं घ्यायचं."

न्यायाधीश बाई होत्या. चष्मा लावलेल्या, आवाज हळू. नाव पुकारलं की माणूस पुढं जायचा. बाई विचारायच्या, "गुन्हा कबूल आहे का?" माणूस म्हणायचा, "कबूल." शाळेत हजेरी द्यावी तसं चाललं होतं. दंडाचा आकडा सांगितला की तो बाहेर आणि पुढचा आत.

कुंडलिकचं नाव आलं.

"गुन्हा कबूल आहे का?"

"गाडी थांबवली हे कबूल हाय," कुंडलिक म्हणाला. "गुन्हा केला हे न्हाई."

टाइप करणाऱ्या कारकुनाचे हात थांबले. मंदारनं मागून त्याच्या शर्टाची बाही ओढली.

"म्हणजे कबूल आहे की नाही?"

"बाईसाहेब, देवीपुढं थांबलो. लई सालाचा शब्द हाय माझा तिला. ह्याला गुन्हा म्हनलो तर तिच्यापुढं मी खोटा पडतो."

मागं कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "किती वेळ थांबला होतात?"

"नारळ फोडायला किती येळ लागतो?"

"मी विचारतेय."

"दोन मिन्टं. फार तर पाच."

"हे बघा, देवीपुढं थांबलात म्हणून कुणी दंड केलेला नाही. गाडी कुठं थांबवली त्याचा आहे. फोटो बघितलेत का?"

"मोबाईलवर बघितला जी."

"कागदातले सगळे बघा. तिकडं बाकावर बसा. घाई नाही. नंतर बोलावते." आणि त्यांनी पुढचं नाव घ्यायला सांगितलं.

मंदारनं कागद आणून त्याच्या मांडीवर ठेवले. फोटो तीन होते. पहिला मोबाईलवरचाच. दुसरा जरा मागून काढलेला, आणि तिसरा आणखी मागून. कुंडलिकनं खिशातून चष्मा काढला.

ट्रकच्या मागं एक एष्टी होती. ट्रक हलत नाही म्हणून ती बाजूनं पुढं काढायला गेली होती, आणि अर्धी पुढं आल्यावर समोरून डंपर आला होता. डंपर भरलेला. वळणावर तीन गाड्या मावायला जागा कुठून येणार? तिसऱ्या फोटोत एष्टी मागं चालली होती, तिरपी, दरीच्या अंगानं. मागचं चाक डांबर सोडून मातीवर गेलेलं. कंडक्टर खाली उतरून, हात वर करून मागं उभा. खिडकीतून बायकांची तोंडं बाहेर आलेली, आणि एका म्हातारीनं पदर तोंडाशी धरलेला. कोपऱ्यात कुंडलिक स्वतः दिसत होता, अजून पाठमोरा. नारळ फुटला होता, तो प्रसादाचं खोबरं काढत होता.

त्याला ती दुपार आठवली. मागं हॉर्न वाजत होते. लई वाजत होते. आणि तो मनात म्हणाला होता, वाजवू देत, लोकांना देवाधर्माची चाड राहिली न्हाई.

घाटात गाडी मागं घेणं काय असतं ते दुसऱ्या कुणी कुंडलिकला सांगायची गरज नव्हती. आरशात रस्ता दिसत नाही, आभाळ दिसतं. पायाखालचा क्लच जळतो. कंडक्टरच्या हातावर सगळा भरवसा, आणि मागं माणसं भरलेली. माती ओली असती तर? तो देवीपुढं हात जोडून, माझी गाडी दरीकडं जाऊ देऊ नको म्हणत होता, आणि त्याच्या पाठीमागं त्याच्याच पायी दुसऱ्याची गाडी दरीकडं सरकत होती.

तीन-चार नावं होऊन गेली. मंदार हळूच म्हणाला, "काका, तारीख मागून घेऊ का?"

"नगं."

पुन्हा पुकारा झाला. कुंडलिक पुढं गेला आणि विचारायच्या आधीच म्हणाला, "कबूल हाय, बाईसाहेब. देवीपुढं थांबल्याचा न्हाई. त्या एष्टीचा."

"तसं लिहिता येत नाही," बाई म्हणाल्या. "कबूल, एवढंच लिहिते."

"लिवा."

दंड सांगितला गेला, तो त्यानं खिडकीवर भरला. मंदारनं हातात पावती दिली आणि म्हणाला, "झालं काका, पासिंगचं टेन्शन गेलं." कुंडलिकनं मान हलवली. मंदारला वाटलं आता तो घरी जाईल. पण कुंडलिक सरळ भोरच्या एष्टी स्टँडवर गेला आणि चौकशीच्या खिडकीत विचारलं, दुपारच्या महाड गाडीवर जानेवारीत ड्रायव्हर कोण होतं म्हणून.

"कशाला? सामान राहिलं का?"

"सामान न्हाई. काम हाय."

ड्रायव्हर होता सोमनाथ. मागच्या खोलीत डबा उघडून बसला होता. कुंडलिक दारात उभा राहिला. "घाटजाईच्या वळनावर एष्टी मागं घ्यावी लागली व्हती, ती तुमीच का?"

सोमनाथचा घास हातातच राहिला. "व्हय. तुमी कोन?"

"पुढचा ट्रक माझा व्हता."

सोमनाथनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तरीच. तुमच्या सात पिढ्या काढल्या म्या तवा. ज्या उरल्या त्या कंडक्टरनं काढल्या."

"बरूबर केलं."

"बरूबर काय! चाक मातीवर गेलं तसा जीव खाली गेला माझा. आत सगळ्या म्हाताऱ्या घाटजाईचा धावा करत व्हत्या. आन ती बसलेली तुमचा नारळ घेत!"

कुंडलिक म्हणाला, "माफी मागायला आलोय. दुसरं काय न्हाई."

"कोर्टानं सांगितलं का?"

"न्हाई. फोटो बघितला."

सोमनाथनं डब्याचं झाकण उलटं केलं, त्यावर अर्धी भाकरी आणि मेथीची भाजी ठेवली आणि पुढं सरकवली. "बसा. आमाला थांबायला परवानगी न्हाई तिथं. हॉर्न देतो आन मनात हात जोडतो. नमस्कार पोचतो म्हनायचं."

पासिंग झालं आणि पुढच्याच आठवड्यात महाडची खेप लागली. कुंडलिकनं हिर्डोशी सोडली. वळणाच्या बऱ्याच अलीकडं रस्त्याच्या कडेला रुंद जागा आहे, तिथं त्यानं ट्रक डोंगराला लावून उभा केला. चाकाला दगड लावला. नारळ पिशवीत घातला आणि चढ चढू लागला. दोन ठिकाणी गुडघ्यावर हात ठेवून थांबला.

खालून एक टेम्पो आला, त्याच्याजवळ येऊन हळू झाला. "काका, गाडी बंद पडली का?"

"न्हाई. पाया पडायला चाललोय."

"मग गाडीच न्यायची की वर! पाच मिन्टाचं तर काम."

"तू हो पुढं," कुंडलिक म्हणाला, आणि टेम्पोला जागा मिळावी म्हणून रस्त्याच्या आणखी कडेला सरकला.