एटेल्का नेनींचा कागद

माको गावच्या संगीतशाळेत एटेल्का नेनींचा, म्हणजे आमच्या हंगेरियन बोलीत एटेल्का मावशींचा, दरारा असा, की पियानोला हात लावण्याआधी मुलं घसा साफ करत. त्यांच्याकडे आधी गायचं, मग वाजवायचं. कुणी घाईने पट्टी दाबली, की त्या सरळ झाकण खाली ओढत. "घशातून निघत नाही ते बोटांतून कसं निघेल रे? गा आधी."

एमेशे याच दमदाटीत वाढली आणि आता त्याच शाळेत शिकवत होती. कार्यक्रमात नेनींच्या शेजारी बसून पानं उलटायचं काम मात्र तिने अजून कुणाला दिलं नव्हतं.

एकेकाळी नेनी बुडापेस्टच्या मोठमोठ्या सभागृहांत वाजवत. व्हिएन्नापर्यंत नाव झालं होतं. मग एका संध्याकाळी, भर कार्यक्रमात, कित्येकदा वाजवलेल्या एका संथ रचनेच्या मधोमध पुढचं सगळं डोक्यातून पुसलं गेलं. त्या उठल्या, वाकून अभिवादन केलं आणि निघाल्या, त्या थेट जन्मगावी, माकोला. त्यानंतर समोर स्वरलिपीचा कागद असल्याशिवाय लोकांपुढे बसल्या नाहीत. ती रचना तर कागद ठेवूनही वाजवली नाही. वर्गात शिकवताना ती गात, पण त्याच जागी येऊन थांबत आणि म्हणत, "पुढचं तू गा."

एमेशेने एकदा धीर करून कारण विचारलं.

"माझ्या डोक्याची चाळण झालीय गं," नेनी म्हणाल्या. "कागद आहे तोवर मी आहे."

एवढी मोठी बाई स्वतःलाच भिते, याचं एमेशेला फार वाईट वाटे.

त्या हिवाळ्यात गावच्या गायकवृंदाचा कार्यक्रम होता. संस्कृतिभवनातला पियानो म्हातारा; थंडीत तारा तुटतात म्हणून अर्धा सूर उतरवून ठेवलेला. नेनींनी सकाळीच वृंद चालवणाऱ्या लोरांटला बजावलं, "सूर पियानोवरून घे. खिशातला तो नादकाटा आज बाहेर काढायचा नाही."

"नेनी, मी काय काल जन्मलो?"

दुपारी सभागृह गच्च भरलं. लोरांट पुढे आला आणि सवयीने त्याचा हात खिशात गेला. आमच्याकडचा वृंद चालवणारा झोपेतून उठवला तरी आधी नादकाटाच शोधेल. त्याने काटा गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला, हलकेच सूर गुणगुणला, आणि सगळा वृंद गाऊ लागला.

एमेशे नेनींकडे झुकली. काट्याचा सूर या पियानोपेक्षा अर्धा वर होता. पहिलं कडवं पियानोशिवाय होतं. दुसऱ्यात पियानो आला, की सगळं बेसूर. "नेनी, यांनी वरचा सूर घेतलाय," ती कुजबुजली.

"मला कान आहेत. पान उलट."

दुसरं कडवं आलं. कागदावर पांढरी पाच होती आणि नेनींची बोटं काळी चारवर उतरली. मग पुढचा प्रत्येक सूर तसाच, कागदावरच्यापेक्षा एक पट्टी वर. दोन्ही हात, भरगच्च सुरावट, मधली अवघड धावसुद्धा. पियानो आणि गळे एकजीव झाले. एमेशे कधी कागदाकडे पाही, कधी बोटांकडे. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध उरला नव्हता. हे माणसाला जमतं, यावर तिचा विश्वास बसेना. तिचे डोळे भरून आले आणि पान उलटायचं राहून गेलं. नेनींचं काहीच अडलं नाही.

गाणं संपलं. आधी विखुरलेल्या टाळ्या मग इथल्या रिवाजाप्रमाणे एका ठेक्यात पडू लागल्या. लोरांट वाकला, हातातला काटा त्याला दिसला आणि त्याचा चेहरा पडला.

"नेनी, मी…"

"गाढवा, टाळ्या घे आधी."

ठेका थांबेना. लोकांना आणखी हवं होतं. एमेशे लगबगीने पुढचे कागद शोधू लागली. नेनी समोरच्या वहीकडे बघत राहिल्या.

"शेवटचं पान तू उलटलंच नाहीस," त्या म्हणाल्या.

"चुकलं, नेनी."

"आणि मी वाजवत गेले."

त्यांनी वही मिटून तिच्या मांडीवर ठेवली. "जा, खाली जाऊन बस. आता उलटायला काही नाही."

एमेशे पहिल्या रांगेत जेमतेम टेकली आणि तिने सूर ओळखले. तीच संथ रचना. ती जागा जवळ आली तशी एमेशेने वही छातीशी घट्ट धरली. नेनींचे ओठ हलत होते. त्या मनाशी गात होत्या. ती जागा आली, आणि नेनी गातच पुढे गेल्या.