दादाने पारखलेला दवाखाना

माझा दादा पन्नाशीचा. बुद्धीने तो लहानच राहिला, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. मिरकरवाडा बंदरावर मासळी घ्यायला गेलं की त्याच्याइतका शहाणा दुसरा नाही. बांगड्याचा डोळा बघायचा, कल्ला उचलायचा, वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा: ताजा, बरा, नाहीतर शिळा. त्याला लांबून बघितलं तरी मासेवाल्या कपाळाला हात लावतात.

असा हा माणूस यंदा दवाखान्यात जायलाच तयार होईना. फिटच्या गोळ्या जेमतेम आठवडाभराच्या उरलेल्या, आणि तपासल्याशिवाय डॉक्टर नवीन चिठ्ठी देईनात. गोळी चुकली की दादा उभ्याचा आडवा होतो. मागे एकदा विहिरीच्या काठाशीच कोसळला होता. माझा जीव टांगणीला लागलेला. विनवलं, ओरडले, बटाटेवड्यांचं आमिष दाखवलं. पठ्ठ्याने वडे खाल्ले आणि ओटीवरचा खांब मिठी मारून धरला. रिक्षावाला दोनदा रिकामा परत गेला. सुईला घाबरतोय मेला, दुसरं काय, असं मी ठरवून टाकलं.

त्याच आठवड्यात दवाखान्यातली एक ताई घरी आली. आमचं काम कसं वाटतं ते पेशंटच्याच तोंडून ऐकायचंय, म्हणाली.

"अहो, द्या तो फॉर्म इकडे," मी म्हटलं. "वीस वर्षं मीच भरत्ये. सगळं उत्तम!"

"तुमचं मत नकोय हो," ती गोड आवाजात म्हणाली. मला असा राग आला! तरी चहा टाकला.

तिने ओटीवर दवाखान्याचे फोटो मांडले, आणि आवडलं-नावडलं दाखवायला तीन चेहरे छापलेला एक कागद: हसरा, गप्प, रडका. दादाने चेहरे बाजूला सारले. एकेक फोटो नाकाशी नेला, हुंगला, मग डोळे तपासले. बसायचं बाकडं? "बरं." सुई टोचणारी नर्स? "ताजी. सांगून टोचते." म्हणजे सुईची भीती नव्हतीच! ताई गंभीर चेहऱ्याने लिहून घेत होती, "नर्स: ताजी". मी तोंडावर हात दाबून हसत होते.

मग डॉक्टरांचा फोटो आला. कॉम्प्युटरमध्ये मान घालून बसलेले. दादाने फोटो आडवा केला, उलटा केला.

"डोळे कुठायत?"

"खाली बघतायत ना ते," ताई म्हणाली.

"नेहमीच. शिळा!"

आम्ही दोघी खो खो हसलो. आणि माझी जीभ वळवळली. "आणि मी रे दादा? मी कशी?"

त्याने माझी हनुवटी धरून डोळ्यांत नीट बघितलं. वासही घेतला.

"शिळी."

"अरे! तुझं एवढं करत्ये आणि..."

"डॉक्टर विचारतो, तू बोलतेस. मग तूच जा ना गो. मी कशाला?"

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. ताईने तेही लिहून घेतलं, "बहीण: शिळी".

सोमवारी दादा आपणहून रिक्षात बसला. डॉक्टर तुमच्याशीच बोलतील, असा ताईने दादाला शब्द दिला होता, आणि मी तोंड न उघडण्याची शपथ घेतली होती. डॉक्टरांनी ताईने लिहिलेला कागद वाचला असावा. कान लाल झालेले, कॉम्प्युटर भिंतीकडे वळवलेला. दादाकडे बघून त्यांनी विचारलं, "गोळीचा काही त्रास होतो?"

दादा माझ्याकडे बघत राहिला. मी मनात साठापर्यंत मोजलं. काही नाही हो डॉक्टर, सगळं ठीक, असं अगदी ओठांपर्यंत आलं होतं.

"हिला बाहेर बसवा," दादा म्हणाला. "मग सांगतो."

बसले बाहेर, फणफणत. आतून दोघांच्या हसण्याचे आवाज! बऱ्याच वेळाने डॉक्टर नवी चिठ्ठी घेऊन दारात आले. "सकाळच्या गोळीने त्यांना गरगरतं. ती बदलली. अगदी पहिल्यापासून गरगरतं, म्हणाले."

मी दादाचा हात धरला. "अरे, मला का नाही सांगितलंस कधी?"

"तू गप्प कधी बसलीस गो?"