काकूंच्या आधी चोर

आटगाव स्टेशनाजवळच्या रुळांची डागडुजी करणाऱ्या टोळीत कमळू कामाला होता. चौथी शिकलेला, आणि त्याच्या पाड्यावर वाचता येणारा तो एकटाच. अडतीस सालच्या सुमारास स्टेशनातल्या कारकुनाकडून त्याला आवडाकाकूंच्या गोष्टींची पुस्तकं मिळू लागली. आवडाकाकू म्हणजे पापड लाटता लाटता गावातल्या चोऱ्या उकलणारी विधवा बाई. दिवेलागणीला कमळू ओट्यावर बसून एकेक प्रकरण मोठ्यानं वाची आणि सारा पाडा ऐकायला जमे.

पण गड्याला एक खोड होती. काकूंनी चोर धरायच्या आधी आपण त्याचं नाव सांगायचं! सहा पुस्तकं झाली आणि सहाही वेळा तो तोंडावर आपटला. शेजारची म्हातारी सकुबाई तर येता-जाता विचारी, "काय रे कमळू, आज कोनाला चोर केलास?" ते त्याला फार लागे.

सातव्या भागात देवीची नथ गेली. या खेपेला कमळूनं हट्टच धरला. रुळावर घण घालतानाही डोक्यात नथच. गोष्टीतल्या मामलेदारांच्या सासूबाई गुडघे धरून कण्हत, तरी रोज देवळाची टेकडी चढत. ते का बरं? शेवटचं प्रकरण तेवढं उरलं, तेव्हा त्यानं ते न उघडता छातीठोकपणे जाहीर केलं, "सासूच चोर!"

"नाय रे, गुरव हाय," सकुबाई म्हणाली. "मी सकाळीच धाऊ भगताकडं जाऊन आले."

पाड्यात काही चोरीला गेलं की लोक मूठभर तांदूळ घेऊन भगताकडे जात, आणि तो दाणे पाहून चोर सांगे. पण पुस्तकातल्या चोरीसाठी? कमळूनं कपाळावर हात मारून घेतला. मंडळी तर चोर सापडला म्हणून उठूही लागली होती! हातापाया पडून त्यानं त्यांना बसवलं आणि वाचायला घेतलं. पानागणिक त्याचा आवाज चढत गेला. शेवटी काकूंनी सासूबाईंच्या पानाच्या डब्यातून नथ काढली.

"बघा! म्हटलं नव्हतं?" कमळू ओट्यावर उभाच राहिला.

मग कोपऱ्यातून बुधू म्हणाला, "भगताचं दानं कदी खोटं नाय पडलं. तू मनचं वाचलंस."

"मनचं? हे काय छापलंय, बघा की तुमीच!" त्यानं पुस्तक एकेकाच्या नाकासमोर धरलं. लोकांनी पानाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. वाचणार कोण? कमळूच्या अंगाचा तिळपापड झाला. सहा वेळा हरला, तेव्हा याच पाड्यानं याच तोंडचा शब्द न् शब्द खरा मानला होता, आणि आयुष्यात एकदा जिंकला तर हा न्याय!

सकुबाईला त्याची दया आली. तिनं जवळ येऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"जाऊ दे रे पोरा," ती हळूच म्हणाली, "सहा येळा हरलास. एकदा खोटं वाचावंसं वाटतंच मानसाला."